परगांवचा पाळक

(लूक, अध्याय १० वा, वचनें १ ते ८)



प्रभूनें सत्तर जणांस दोन दोन करून गांवोगांवीं पाठविलें, ती गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. या अध्यायावर उपदेश करितांना आपण बहुधा पिकाविषयीं व कामकऱ्यांविषयीं बोलतों, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच आज्ञेंत एक लहानशी गोष्ट आहे, तिच्यावर मीं आजवर फारसा कोणाचा उपदेश ऐकला नाहीं. बरोबर थैली घेऊं नये, ज्या घरीं उतरावें त्याच घरीं राहावें, घरें बदलीत हिंडूं नये, आणि जें कांहीं पानांत पडेल तें खावें, असें प्रभु त्यांस सांगतो.

ही आज्ञा काटकसरीची आहे असें पुष्कळांस वाटतें. मला तसें वाटत नाहीं. ज्याच्या कमरेला थैली नाहीं त्याला संध्याकाळ झाली म्हणजे कोणाच्या तरी दारांत उभें राहावेंच लागतें. तो देवाच्या राज्याची वार्ता घेऊन आलेला असो, रोगी बरे करण्याचा अधिकार त्याला मिळालेला असो. भूक लागली कीं त्या गांवांतील एखाद्या म्हातारीच्या चुलीशीं बसून, ती देईल तो तुकडा त्यानें घ्यावयाचा. प्रभूनें आपल्या सेवकांस देण्यासाठीं पाठविलें खरें. पण आधीं घ्यावयास लाविलें. हें घेणें आपणांस, विशेषतः आम्हां पाळकांस व उपदेशकांस, फार जड जातें. याविषयीं आज बोलावें असें मनांत आहे.

त्यासाठीं मी एका कादंबरीचा दाखला घेणार आहें. उपासनेच्या वेळीं कादंबरी कशाला, असें आमच्या वडील मंडळींपैकीं कोणी म्हणतील, हें मी जाणून आहें. परंतु उधळ्या पुत्राचें गांव कोणतें आणि त्याच्या बापाचें नांव काय, हें आजपर्यंत कोणीं प्रभूला विचारलेलें नाहीं.

मार्गारेट क्रेव्हन नांवाच्या एका अमेरिकन बाईंनीं ही कादंबरी लिहिली. बाईंचा जन्म १९०१ सालचा. त्या मासिकांतून लहान लहान गोष्टी लिहीत असत; ही त्यांची पहिली कादंबरी १९६७ सालीं कॅनडांत प्रसिद्ध झाली, तेव्हां त्यांनीं साठी केव्हांच ओलांडली होती. पुस्तकाचें इंग्रजी नांव ‘आय हर्ड द आउल कॉल माय नेम’. म्हणजे, घुबडानें माझें नांव घेतलेलें मीं ऐकलें. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, किंगकम म्हणून एक गांव आहे. तें कल्पनेंतलें नव्हे, खरेंखुरें आहे. समुद्राचा एक लांब फांटा डोंगरांत शिरतो, त्याला एक नदी मिळते, आणि त्या नदीनें वर गेलें म्हणजे गांव लागतें. तेथें जाण्याचा मार्ग पाण्याचा. राहणारे लोक क्वाक्वाकवाक्व या आदिवासी समाजापैकीं. हजारों वर्षें ते त्या किनाऱ्यावर आहेत. साल्मन नांवाच्या माशावर त्यांची उपजीविका, आणि देवदाराच्या जातीच्या लाकडावर त्यांचें घर, नाव, पेटी, मुखवटा सर्व कांहीं.

अशा गांवीं मार्क ब्रायन नांवाच्या तरुण अँग्लिकन पाळकाला त्याचा बिशप पाठवितो. त्याला एक जीवघेणा आजार आहे, आणि फार तर दोन तीन वर्षें हातीं आहेत, हें डॉक्टरनें बिशपला सांगितलेलें आहे. मार्कला मात्र कोणीं सांगितलेलें नाहीं. ज्याला इतकें थोडें आयुष्य उरलें त्याला बिशप एखाद्या सुखसोयीच्या ठिकाणीं ठेवील, असें आपणांस वाटेल. पण तो त्याला आपल्या हाताखालच्या सर्वांत कठीण जागीं पाठवितो. शिकावयाचें पुष्कळ आणि वेळ थोडा, तेव्हां जेथें लवकर शिकतां येईल तेथेंच त्यानें गेलें पाहिजे, असा त्याचा विचार. बिशपानें असें करावें कीं नाहीं, याविषयीं माझ्या मनांत अजून शंका आहे. एखाद्याचें मरण त्याच्यापासून लपवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही असावा असें मला वाटत नाहीं. पण तो प्रश्न आज बाजूला ठेवूं.

निघण्यापूर्वीं केलेब नांवाचा एक सेवानिवृत्त म्हातारा पाळक मार्कला होडी चालविण्यास शिकवितो आणि चार उपयोगाच्या गोष्टी सांगतो. त्याच्या बोलण्याचा रोख असा कीं, दूरच्या गांवीं जावें लागतें म्हणून स्वतःची कींव करीत बसूं नये. कींव करावयाचीच तर गांवकऱ्यांची करावी, कारण या कोऱ्या पोराला शिकवून तयार करण्याचें काम आतां त्यांच्या गळ्यांत पडणार. आमच्या शाळांतून उपदेशक तयार होऊन बाहेर पडतात, तेव्हां त्यांस प्रमाणपत्र मिळतें, पवित्र शास्त्राची प्रत मिळते, निरोपाचा समारंभ होतो. केलेबसारखा एखादा म्हाताराही त्यांस मिळाला तर किती बरें होईल!

मार्क गांवीं पोहोंचतो तेव्हां तेथें एक शोक चालू आहे. एक लहान मुलगा बुडून मेला आहे, आणि सरकारी पोलीस येऊन परवानगी देईपर्यंत त्याचें प्रेत मातीविना पडून आहे. नव्या पाळकाचें पहिलें काम म्हणजे ही माती. तो आपल्या उपासनेचे शब्द म्हणतो, प्रार्थना करितो, आणि मग बाजूला होतो. कारण त्या लोकांचें दुःख त्यांच्या स्वतःच्या भाषेंत अजून बोलावयाचें राहिलें आहे, आणि ती भाषा त्याला येत नाहीं. तेथें उभें राहून दोन शब्द अधिक सांगण्याचा मोह कोणाही पाळकाला झाला असता. मला तर नक्कीच झाला असता.

त्याला राहावयास दिलेलें घर मोडकळीस आलेलें. वाटलें असतें तर त्यानें पहिल्याच आठवड्यांत बिशपला पत्र घालून नव्या घराची मागणी केली असती, आणि गांवांतील तरुणांना हाताशीं धरून कामास लाविलें असतें. तो तसें कांहीं करीत नाहीं. गळक्या घरांत पहिला हिवाळा काढतो, आजाऱ्यांच्या घरीं जातो, म्हाताऱ्यांच्या जवळ बसून त्यांच्या जुन्या गोष्टी ऐकतो, जिम नांवाच्या तरुणाबरोबर होडीनें आसपासच्या वस्त्यांना फिरतो. लोक कांहीं बोलत नाहींत, पाहतात. गांव नव्या माणसाला कसें पाहतें हें तुम्हांला मीं सांगावयास नको. दार अर्धवट उघडें असतें, आंत कोणी उभें असतें, आणि कोणत्या घरचें पाणी याच्या घशाखालीं उतरतें याकडे सर्वांचें लक्ष असतें. पुढें नवें घर तयार तुकड्यांत येतें तेव्हां तें नदीनें गांवापर्यंत वाहून आणण्यास गांवकरी आपल्या नावा घेऊन पुढें होतात.

त्या किनाऱ्यावर वसंताच्या सुमारास एक लहान तेलकट मासा येतो. हे मासे कांहीं दिवस मुरवून, उकळून, त्यांचें तेल काढतात, आणि तें तेल त्या लोकांना आपल्या साजुक तुपासारखें प्रिय. परक्या नाकाला मात्र तो वास सहन होत नाहीं. बोंबील वाळत घातलेल्या कोळीवाड्यांतून जातांना नाकाला रुमाल लावणारे शहरचे पाहुणे आपण पाहिले आहेत; आणि घरांतल्या बायका तो रुमाल किती दिवस लक्षांत ठेवतात तेंही आपणांस ठाऊक आहे. जें वाढलें जाईल तें खावें, या आज्ञेंत किती मोठी गोष्ट आहे, हें अशा ठिकाणीं कळतें.

त्याच गांवांत एक शाळामास्तरही आहे. कादंबरींत त्याला फार जागा नाहीं, परंतु मला त्याची आठवण वारंवार येते. तो दुष्ट नाहीं. मुलांना तो शिकवितो. पण दूरच्या जागेबद्दल सरकार जो अधिक पगार देतें त्यासाठींच तो आलेला आहे. पैसे साठले कीं ग्रीस देशीं जाऊन अभ्यास करावयाचा, अशी त्याची इच्छा. तो गांवकऱ्यांत मिसळत नाहीं, त्यांच्या घरीं जात नाहीं. दिवस मोजतो. तो आणि मार्क एकाच गांवांत राहतात, एकाच नदीचें पाणी पितात, दोघेही परगांवचे. आणि दोघांपैकीं आयुष्याचे दिवस खरोखर मोजलेले आहेत ते मात्र मार्कचे.

या मास्तराची आठवण मला कां येते तें सांगतों. मीं पहिल्या नेमणुकीवर एका लहान गांवीं गेलों तेव्हां माझ्याबरोबर स्टोव्ह होता, पिठाचा डबा होता, आणि लोकांवर भार टाकूं नये असा एक मोठा उदात्त विचार होता. दुसऱ्या कीं तिसऱ्या संध्याकाळीं मंडळींतील एक विधवा म्हातारी पदराखालीं भाकरी आणि वांग्याचें कोरड्यास घेऊन आली. “मास्तर, गरम हाय, खाऊन घ्या,” म्हणाली. मीं म्हणालों, “आजी, मी आत्तांच जेवलों.” ही शुद्ध थाप होती. तिच्या घरीं दोन वेळची भ्रांत आहे हें मला ठाऊक होतें, म्हणून दयेनें मी खोटें बोललों, असें मीं त्या वेळीं आपल्या मनाला सांगितलें. खरें कारण निराळें होतें. तिच्या अंगणांत शेळ्या बांधलेल्या असत, तिच्या ओट्यावर माशा असत, आणि मला किळस वाटली. ती कांहीं बोलली नाहीं. भाकरी पुन्हां पदराखालीं घेऊन गेली, आणि त्यानंतर कोणीच कांहीं आणलें नाहीं.

सहा महिने मीं त्या गांवांत उपासना चालविली. लोक येत, गीतें गात, दानाच्या थाळींत कांहींतरी टाकीत, आणि उठून जात. माझी बोलण्याची पद्धत चुकते असें समजून मीं जास्त तयारी करूं लागलों. पुढें पावसाळ्यांत मला हिंवतापानें धरलें. दोन दिवस मी खोलींत पडून होतों, आणि दारावर कोणीं थाप मारली नाहीं. यांत लोकांचा दोष नव्हता. मास्तरांना कोणाचें कांहीं लागत नाहीं, हें मींच त्यांना शिकविलें होतें. तिसऱ्या दिवशीं दार ढकलून तीच म्हातारी आंत आली. हातांत पेजेचें भांडें होतें. “आतां बी जेवलाच असाल,” ती म्हणाली. मीं दोन्ही हातांनीं तें भांडें घेतलें. ती तेथेंच भिंतीशीं टेकून बसली आणि पेज संपेपर्यंत आपल्या मेलेल्या मुलाविषयीं बोलत राहिली. तिला मुलगा होता हें सहा महिन्यांत मला ठाऊक झालें नव्हतें.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासांत ही गोष्ट नवी नाहीं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. मधल्या काळांत पतीच्या घरीं येऊन राहिल्यावरही बाईंनीं आपली चूल व आपलें पाणी निराळें ठेविलें होतें, आणि तें बंधन त्यांच्या मनांतून कसें सुटलें हें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या पुस्तकांत आपल्या खास विनोदी रीतीनें लिहून ठेविलें आहे. ज्यांच्या हातचें पाणी प्यावयाचें नाहीं असें लहानपणापासून शिकविलें गेलें, त्यांच्याच हातचें पाणी पिऊन त्या पुढें त्यांच्या झाल्या. हा पेला किती जड होता, याची कल्पना ज्यांनीं आपल्या पूर्वजांना वरून, लांबून, ओंजळींत पाणी घेतांना पाहिलें त्यांना अधिक येईल.

घेणें दोन प्रकारचें असतें, हेंही येथें सांगितलें पाहिजे. नाहीं तर माझें बोलणें अर्धें राहील. मार्क ज्या लोकांत गेला त्यांच्यापासून पुष्कळ घेतलें गेलें होतें, आणि घेणाऱ्यांत आपण ख्रिस्ती लोक होतों. त्यांच्यांत पॉटलॅच नांवाचा एक समारंभ असे. लग्न, नामकरण, मृतांची आठवण अशा प्रसंगीं घराण्याचा प्रमुख सर्वांस बोलावून आपली संपत्ति वांटून टाकी. जो अधिक देई त्याचा मान अधिक. कॅनडा सरकारनें १८८४ सालीं कायदा करून तो बंद केला, आणि असा कायदा व्हावा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत मिशनरीही होते. १९२१ सालीं झालेल्या अशा एका मोठ्या समारंभानंतर लोकांस धरून खटले भरण्यांत आले, कित्येकांस तुरुंगांत घातलें, आणि त्यांचे पिढीजात मुखवटे व अलंकार सरकारानें घेतले. ती बंदी १९५१ पर्यंत टिकली. ते मुखवटे परत मिळविण्यास पुढें आणखी कित्येक वर्षें लागलीं. परत आलेल्या वस्तूंसाठीं अलर्ट बे येथें १९८० सालीं त्या लोकांनीं स्वतःची संस्था उघडली. संपत्ति वांटून टाकणाऱ्या लोकांस, जवळचें सर्व विकून गरिबांस द्यावें असें सांगणाऱ्या प्रभूच्या सेवकांनीं, तें वांटणें हाच गुन्हा आहे असें शिकविलें. हें वाचून मला कांहीं वेळ पुस्तक मिटवून ठेवावें लागलें.

मुखवट्यांपेक्षां अधिक मोलाचीं मुलें. त्याच अलर्ट बे येथें अँग्लिकन मंडळीनें चालविलेली एक वसतिशाळा होती. तिची मोठी विटांची इमारत १९२९ सालीं उघडली, आणि १९७४ सालीं शाळा बंद झाली. अशा शाळांतून मुलांना घरापासून दूर ठेवीत, त्यांची भाषा त्यांच्या तोंडून काढून टाकीत, आणि याहून वाईट गोष्टीही घडल्या. १९९३ सालीं कॅनडाच्या अँग्लिकन मंडळीचे मुख्य धर्माध्यक्ष मायकेल पीअर्स यांनीं त्याबद्दल आदिवासी बंधुभगिनींसमोर क्षमा मागितली. ती इमारत २०१५ सालीं पाडण्यांत आली. क्रेव्हनबाईंच्या कादंबरींतही किंगकमचीं मुलें त्या शाळेंत जातात, परंतु बाईंनीं त्या शाळेचें सर्व दुःख सांगितलेलें नाहीं. त्या बाहेरच्या होत्या. जेवढें दिसलें तेवढें त्यांनीं लिहिलें. कादंबरी प्रेमानें लिहिलेली आहे म्हणून ती पुरी आहे असें मी म्हणणार नाहीं. एक प्रसंग मात्र त्यांनीं नेमका टिपला आहे: गांवांतील एका मुलीशीं लग्न करूं पाहणारा एक गोरा तरुण तिच्या नातेवाइकाला दारू पाजतो आणि घराण्याचा मोठा मुखवटा क्षुल्लक किंमतीला घेऊन जातो. मुलीलाही नेतो, आणि मोठ्या शहरांत तिला टाकून देतो.

म्हणून प्रभूची आज्ञा नीट ऐका. पुढें ठेविलेलें खा, असें तो म्हणतो. कोठारांत शिरून घ्या असें म्हणत नाहीं. म्हातारी आपल्या हातानें देते तें घेणें निराळें, आणि तिच्या मांडीवरचें लेकरूं तिच्याच हिताच्या नांवानें उचलून नेणें निराळें. दोन्ही वेळां नेणाऱ्याच्या हातांत तेंच पवित्र शास्त्र असूं शकतें.

आतां मंडळीला दोन शब्द सांगतों, कारण आतांपर्यंत मी पाळकांविषयींच बोललों, आणि मागच्या बांकांवरचे कांहीं भाऊ माना डोलवीत आहेत असें मला दिसतें. भावांनों, परका पाळक परकाच राहतो याचा दोष नेहमीं त्याच्या एकट्याचा नसतो. “तो तिकडच्या तालुक्याचा.” “आपल्या भावकींतला नाहीं.” “त्याची बोली निराळी.” हे शब्द मीं आपल्याच मंडळ्यांत ऐकले आहेत, उपासना संपून पायरीवर चप्पल घालीत असतांना ऐकले आहेत. एखाद्या उपदेशकाची बायको बाळंतपणास टेकलेली असतांना, तिच्या माहेरचें कोणी नाहीं हें ठाऊक असूनही, शेजारच्या घरांतून गरम पाणी गेलें नाहीं, अशी गोष्टही मला माहीत आहे. गांवाचें नांव मी घेत नाहीं. ऐकणाऱ्यांस तें कळेल. परदेशीयावर स्वतःसारखी प्रीति करण्याची आज्ञा लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत आहे. तेथें इस्राएल लोकांस, तुम्हीही मिसरांत परके होतां, अशी आठवण दिली आहे. जे आपल्या गांवांतच शतकानुशतकें गांवकुसाबाहेर राहिले त्यांना ही आठवण द्यावी लागूं नये.

किंगकमच्या लोकांनीं काय केलें तें ऐका. त्यांच्यांत अशी समजूत आहे कीं, ज्याचें मरण जवळ आलें त्याचें नांव घुबड घेतें. घुबडाचें ओरडणें आपल्याकडेही अशुभ मानतात. या समजुतीपुढें मान तुकवावी असें मी सांगत नाहीं. पण पाहा, मार्कचा चेहरा उतरत चालला आहे, तो लवकर थकतो, हें सर्वांच्या आधीं कोणीं ओळखलें? डॉक्टर दूर होता, बिशप दूर होता. मार्टा नांवाच्या गांवांतील म्हातारीनें तें ओळखलें. ती रोज त्याच्याकडे आईच्या डोळ्यांनीं पाहत होती. पुढें एके संध्याकाळीं मार्कला घुबडाचा आवाज ऐकूं येतो, आणि तो तें तिलाच जाऊन सांगतो. ती तें नाकारीत नाहीं, खोटा धीर देत नाहीं. तो बिशपपाशीं गेला नाहीं, तिच्यापाशीं गेला. त्याच्या मरणाची बातमी त्याला गांवानें दिली, आणि गांवानेंच बिशपला कळविलें कीं, याला परत बोलावूं नका. हा आमचा आहे, शेवटपर्यंत आमच्यांतच राहूं द्या.

त्यांच्या नदींत साल्मन मासा समुद्रांतून उलट वर चढून येतो, जेथें जन्मला तेथें अंडीं घालतो, आणि तेथेंच मरतो. मार्कनें दोघां तरुणांबरोबर तें एकदां पाहिलें होतें. गांवकरी त्याला त्या माशाची उपमा देतात. परंतु मार्क त्या नदींत जन्मला नव्हता! कोणाचा जन्म कोठला हें सांगण्याचा अधिकार गांवाला असतो, आणि गांवानें तो वापरला.

मार्क रोगानें अंथरुणावर मरत नाहीं. हरवलेल्या एका माणसाला शोधण्यास जिमबरोबर होडीनें गेला असतां परतीच्या वाटेवर डोंगराचा कडा कोसळतो आणि त्यांत तो सांपडतो. त्याला गांवांतच माती देतात. त्या रात्रीं सर्व दमून निजले असतां पीटर नांवाचा म्हातारा लाकूडकोरक्या जागा राहतो. मेलेला मनुष्य ज्या जागेवर त्याचें प्रेम होतें तेथें परत येतो, अशी त्यांची जुनी समजूत. ती आपली नाहीं. पण पीटरच्या मनांत एवढेंच आहे कीं, तो आला आणि सारें गांव निजलेलें दिसलें तर त्याला कसें वाटेल. म्हणून तो म्हातारा चांगले कपडे अंगावर घालून, काळोखांत, आपल्या घराच्या पायरीवर त्याची वाट पाहत बसतो.